विहीणबाईंनी घेतलेला अर्धा पेला

भिण्याच्या बाबतीत आमच्या विहीणबाईंचा हात धरील असं माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळायचं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. मुक्काम कडेगावजवळच्या एका खेड्यात, घरचा ऊस, दावणीला म्हशी, नवरा लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. म्हणजे भ्यायला तसं कारण काही नाही. पण कारण लागतं ते तुम्हाआम्हाला. विहीणबाई कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच अंगणात जाऊन उभ्या राहतात आणि तिथूनच "झाली का?" असं विचारतात. मोबाईल चार्जिंगला लावला की त्या खोलीत कुणाला झोपू देत नाहीत. साताऱ्याला आमच्याकडे येताना एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागचाच बाक धरतात आणि त्याचा डोळा लागू नये म्हणून वाटभर त्याच्याशी बोलत राहतात. एकदा मी त्यांना उतरवून घ्यायला स्टँडवर गेले, तर त्यांच्या आधी ड्रायव्हरच खाली उतरून माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "तुमीच का त्या विहीणबाई? गुडघा कसा हाय आता तुमचा?" माझ्या गुडघ्याचं दुखणं तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नव्हतं.

आमचे व्याही फार बोलत नाहीत, पण जे बोलतात ते मोजकं आणि नेमकं असतं. ते म्हणतात, "बॉर्डरवर असताना मला कवा भ्या वाटलं न्हाई. भ्या काय असतंय ते पेन्शनीवर आल्यावर हिच्याकडं शिकलो." लग्नात माझ्या मुलाच्या शेरवानीच्या खिशात लिंबू, बिब्बा आणि काळ्या दोऱ्याचं एक रीळ निघालं होतं. मुलगाही लष्करात. तो हसून म्हणाला, "आई, पोस्टवर जाताना आम्हाला एवढं सामान देत नाहीत." मी विहीणबाईंकडे पाहिलं, तर त्या माझ्याच पदराच्या टोकाला काहीतरी बांधत होत्या.

याच बाईंच्या शिवारात एका हंगामात ऊसतोड चालू असताना बिबट्याची पिल्लं सापडली. गाव आठवडाभर दारं लावून बसलं. विहीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन वैरणीला गेल्या आणि भारा घेऊन परत आल्या. मी फोनवर रागावले, तर म्हणाल्या, "आवं ताई, त्यो दिसतोय की. दिसतंय त्याला काय भ्यायचं? दिसत न्हाई त्याला भ्यावं माणसानं." हे त्यांचं तत्त्वज्ञान. दिसत नाही त्यात सगळं आलं: दृष्ट, वारा, वीज, मोबाईलमधल्या लहरी आणि दवाखान्याचा रिपोर्ट. रिपोर्टाला तर त्या सगळ्यात जास्त भीत. आमच्या शाळेत एकदा पालकांसाठी रक्तातली साखर फुकट तपासून देणारं शिबिर होतं. मी तिथल्या कार्यालयात नोकरीला, नावं नोंदवायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी विहीणबाई साताऱ्यात होत्या म्हणून त्यांचंही नाव घातलं. नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी. घरी आले तर त्या भांडी घासत होत्या. "रिपोर्ट काढला की रोगाला आपलं घर कळतंय," म्हणाल्या. "न्हाई काढला तर जातोय बिचारा फुडं."

आणि लहान मुलांचं कौतुक त्यांच्यासमोर करायची सोय नाही. कुणी नुसतं "गोड आहे हो बाळ" म्हटलं की त्या लगेच, "कुठलं गोड, नाक बघा की कसं बसलंय," असं म्हणून त्या बाळाच्या आईचं तोंड पाडतात. बारशाला बोलावलेल्या बाईनं पाळण्यात डोकावून बाळाला नावं ठेवावीत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून पाहिलं. आधी मला ते विचित्र वाटलं, मग सवय झाली, मग त्याची गंमत वाटायला लागली. त्यामागे काय आहे हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

अमृताला, म्हणजे माझ्या सुनेला, दिवस गेले आणि विहीणबाईंच्या भीतीला जन्माचं काम मिळालं. बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या हजर. बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा, गुऱ्हाळावरून आणलेली काकवीची बरणी, आणि एक मिठाची पुरचुंडी, जी त्यांनी माझ्यासमोर अमृताच्या उशीच्या अभ्र्यात घातली. अमृता साताऱ्यातल्या एका कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसणारी. अंगानं आधीपासून भरलेली. लग्नाआधी पाळी लांबायची म्हणून दाखवलं होतं, तेव्हा अंडाशयात गाठी आहेत असं निदान झालं होतं. हे सगळं मला माहीत होतं, पण वेगवेगळं माहीत होतं. एकत्र ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "माहेरी कुणाला मधुमेह? आईला?" विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. "आमच्यात कुणाला काय न्हाई," त्यांनी ठणकावून सांगितलं. "न्हाई म्हंजी न्हाई. हिच्या टायमाला मी शेवटपर्यंत शेतात. आन् ही झाली तवा एवढी थोरली, की दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा बघाय आल्या. ताजव्यात मावंना." डॉक्टरांच्या खोलीबाहेर गर्दी होती, ते कागदावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी "नाही" एवढंच लिहून घेतलं. सासूसमोर आईनं आपल्या घरातला आजार सांगायचा नसतो ही आपल्याकडची रीत. पण विहीणबाई त्या रीतीनं खोटं बोलल्या नव्हत्या. कधी तपासलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं खरोखरच कुणाला काही नव्हतं.

सहावा महिना लागताना साखरेची तपासणी ठरली. ही तपासणी साधी असते. ग्लुकोजची पूड पेलाभर पाण्यात विरघळवून प्यायची, दोन तास बसायचं, मग रक्त द्यायचं. शाळेत प्रवेशाचे दिवस असल्यामुळे मला रजा नव्हती. विहीणबाई "मी हाय की" म्हणून बरोबर गेल्या. दुपारी परत आल्या त्या अगदी खुशीत. पण त्या दिवशी त्यांनी आमचा माठ एकटीनं रिकामा केला. "ऊन लय हाय साताऱ्याला," म्हणाल्या. दारातच निम्मा तांब्या, जेवताना दोन तांबे, जेवून पुन्हा, आणि संध्याकाळपर्यंत नुसती ग्लानी. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. अमृताचा रिपोर्ट चांगला आला. विहीणबाईंनी तो हातात घेतला नाही, लांबूनच नमस्कार केला, आणि लाडवांचा नवा डबा उघडला.

सातव्यात ओटी भरून आम्ही अमृताला रीतीप्रमाणे माहेरी पोचवलं. पुढचं सगळं सांगलीत करायचं ठरलं होतं, कारण तिथल्या दवाखान्यात बाळांसाठी वेगळी खोली होती आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव चांगलं होतं. माझा मुलगा तेव्हा उत्तरेत डोंगरावरच्या एका पोस्टवर. तिथं एका ठरावीक दगडावर चढलं तरच रेंज मिळते. त्या दगडावरून तो मला फोन करायचा, बायकोला करायचा आणि मग पुन्हा मला करायचा. "ती म्हणते सगळं ठीक आहे. तू सांग." मी म्हणायचे, "सगळं ठीक आहे." रिपोर्ट चांगलाच होता.

मग एका सकाळी अमृताचाच फोन आला. आवाज बारीक. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली होती. बाळ महिन्यांच्या मानानं मोठं दिसत होतं आणि पोटात पाणीही वाढलं होतं. पुन्हा साखर तपासायची म्हणत होत्या. "आई, तुम्ही याल का?" एवढंच ती म्हणाली. तिनं लग्नानंतर मला कधी कशासाठी बोलावलं नव्हतं. मी रजा टाकली. सातारा ते सांगली एसटीत बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की विहीणबाई ड्रायव्हरशी बोलत बसतात ते काही अगदीच वेडेपण नाही. माणसाला काहीतरी करत राहावं लागतं.

सांगलीच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत एक नर्स पेल्यात पूड घोळवत होती. अमृता खुर्चीवर, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. नर्सनं पेला पुढे केला आणि विहीणबाईंनी तो वरच्या वर धरला.

"ह्यो न्हाई पाजायचा तिला."

"मावशी, तपासणी आहे. सोडा." नर्स म्हणाली.

"तपासणी झालीया एकदा. ती चांगली हाय. एवढं गोड उपाशी पोटात घातल्यावर बाळाचं काय हुईल? मागच्या बारीला तिला उमासा आला, डोळं पांढरं केलंन."

"पण प्यायली ना मागच्या वेळी? काही झालं का?"

विहीणबाई पेल्याकडे बघत म्हणाल्या, "निम्मा प्याली."

"आणि उरलेला?"

"त्यो मी प्याले."

नर्सनं चमचा ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. मी अमृताकडे पाहिलं. ती रडायच्या बेतात होती. "आई, मला वाटलं तिनं मोरीत ओतलं. दोन घोटांनी काय होतंय म्हटलं. रिपोर्ट चांगला आला म्हणून मग मी कुणाला बोललेच नाही."

"ओतीन कशाला? अन्न हाय ते," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीला जेवढं जड हुतंय तेवढं आईनं घ्यावं. आमी काय परकं हाय का?"

आता लिहिताना मला हसू येतं, पण त्या खोलीत मला हसू आलं नाही. ज्याला आपण चांगला रिपोर्ट समजून दोन महिने निर्धास्त होतो, तो त्या मुलीचा रिपोर्ट नव्हताच. अर्ध्या पेल्याचा होता. आणि त्या दोन महिन्यांत काकवी होती, लाडू होते, दुपारच्या झोपा होत्या, आणि पोटातलं बाळ त्या सगळ्यातून मुकाट्यानं मोठं होत होतं.

अमृतानं पेला पूर्ण प्यायला, डोळे मिटून, माझा हात धरून. विहीणबाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दोन तासांनी रक्त घेतलं आणि आकडा आला तो नर्सनं मोठ्यानं वाचला नाही, कागद सरळ आत नेला. त्यावरूनच मला कळलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी विहिणी एकमेकींकडे न बघता बसलो होतो. मी म्हणाले, "एवढी काकवी देत होता तुम्ही, मी तेव्हाच बोलायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "काकवीनं? सात पिढ्या खात्यात काकवी आमच्याकडं. साताऱ्यात पोरगी खुर्चीवरनं उठत न्हवती. पाण्याचा तांब्या हातात देत हुता तुमी." त्या जे म्हणाल्या ते माझ्या जिव्हारी लागलं, आणि मी म्हणाले ते त्यांच्या. तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, सांगलीच्याच. त्यांनी आधी अमृताला पाणी दिलं, मग आमच्या दोघींकडे बघून म्हणाल्या, "तुमचं भांडण आत ऐकू येत होतं. दोघींचंही चुकतंय. हा मधुमेह काकवीनं होत नाही आणि खुर्चीनंही होत नाही. वारेमुळे होतो."

"वार?" विहीणबाई पुढे सरकल्या. "ती पुरत्यात ती?"

"तीच, बाळंतपणात बाळामागून पडते ती. बाळाला पोसण्यासाठी वार आईच्या रक्तात काही रसायनं सोडते. बाळाला भरपूर मिळावं म्हणून ती आईची साखर लवकर जिरू देत नाही. आईच्या अंगात साखर जिरवायला इन्सुलिन असतं, त्याचा जोर तिथं कमी पडतो. बहुतेक जणींचं शरीर जास्त इन्सुलिन करून भागवतं. काहींचं भागत नाही. मग साखर वाढते, वारेतून बाळाकडे जाते, आणि बाळ फुगत जातं. काकवीनं, बसून राहण्यानं त्यात भर पडते. पण मूळ तिथं आहे."

मग त्यांनी, कुणाला हा होण्याचा संभव जास्त, ते बोटांवर सांगितलं. आधीपासून वजन जास्त असलं तर. अंडाशयात गाठी असल्या तर. हालचाल कमी असली तर. वय वाढलेलं असलं तर. आई-वडिलांना, भावंडांना मधुमेह असला तर. आपल्या देशातल्या बायकांना तसाही जास्तच. आणि एखादी अगदी काटकुळी, कसलंच कारण नसलेली असते, तिलाही होतो. म्हणून तर सगळ्यांचीच तपासणी करायची. मी मनातल्या मनात अमृताच्या नावापुढे एकेक खूण करत गेले. जवळजवळ सगळ्या खुणा झाल्या. त्या सगळ्या गोष्टी सहा महिने माझ्या घरात माझ्यासमोर होत्या.

"आणि आधीचं एखादं बाळ खूप मोठं झालेलं असलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किंवा शेवटच्या महिन्यात पोटातच गेलेलं असलं, तर पुढच्या खेपेला आम्ही त्या बाईकडे जास्त लक्ष ठेवतो. अमृताचं हे पहिलंच, तेव्हा तो प्रश्न नाही."

अमृताचा तो प्रश्न नव्हता. पण विहीणबाई उठून उभ्या राहिल्या, आणि मग पुन्हा बसल्या.

"कसं म्हणालासा? पोटातच?"

"हो मावशी. का?"

विहीणबाईंच्या तोंडून इतकं सावकाश बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. अमृताच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. नववा महिना भरत आलेला, पोट एवढं मोठं की बायका जुळं म्हणायच्या. एक दिवस बाळ हलायचं थांबलं. झालं तेव्हा गोरंपान, गुबगुबीत, "सहा म्हैन्याच्या पोरागत," आणि निपचित. ही गोष्ट अमृतालाही माहीत नव्हती. ती आईकडे बघतच राहिली.

"आमच्या थोरल्या जाऊबाई. आक्का," विहीणबाई म्हणाल्या. "त्यांना मूलबाळ न्हवतं. आदल्या दिवशी पाणी भरताना माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, किती भरलंय गं पोट, दिष्ट लागंल माझीच. हासत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी झालं ते. सगळं गाव म्हणालं, वांझेची नजर. मीबी म्हणाले." मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "म्हंजी त्याला साखरंनं न्हेलं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तपासलं नव्हतं. साखर असेल, दुसरंही काही असेल. बाळ एवढं मोठं होतं म्हणता, पुढं अमृताही मोठी झाली, म्हणून मला शंका येते, एवढंच. पण नजरेनं बाळ जात नाही. हे मी तुम्हाला खात्रीनं सांगते."

विहीणबाईंनी टेबलावर हात ठेवला, बोट पुढे केलं आणि नर्सला म्हणाल्या, "माझंबी बघा." सुई टोचली तेव्हा डोळे उघडेच ठेवले. आकडा अमृतापेक्षाही वर होता. किती वर्षांपासून होता, कोण जाणे.

त्यानंतरचे आठवडे मी साताऱ्यात कमी आणि कडेगावकडे जास्त काढले. विहीणबाईंची भीती आता सगळीकडून गोळा होऊन एका जागी आली होती. भाताच्या पातेल्याकडे त्या अशा बघायच्या, जसं पोलिसानं ओळखीच्या चोराकडे बघावं. काकवीच्या बरण्या गुऱ्हाळावर परत गेल्या. लाडू सुभेदारांनी खाऊन संपवायला घेतले, तर तेही काढून घेतले आणि त्यांनाही दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. प्रत्येक जेवण झालं की अमृतानं चालायचं, आणि ती चालायला लागली की पुढे विहीणबाई वाटेतले खडे पायानं बाजूला करत आणि मागे सुभेदार हातात काठी घेऊन. पाणंदीच्या रस्त्यानं ही मिरवणूक रोज जायची. सुभेदार मधूनच हळू आवाजात "लेफ्ट-राईट" म्हणायचे आणि अमृता हसायची. तेवढंच ती हसायची. बोट टोचून साखर बघायचं यंत्र आलं, आणि चालण्यानं, खाण्यानं पूर्ण भागेना तेव्हा इन्सुलिनही सुरू झालं. सुई अमृता स्वतःच टोचून घ्यायची. विहीणबाई त्या वेळी अंगणात उभ्या राहायच्या आणि तिथूनच विचारायच्या, "झालं का गं अमे?" मुठीत मीठ मात्र अजून असायचंच. मी एकदा म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलं ना, नजर नसते?" तर म्हणाल्या, "ताई, ते कळलंय मला. पर हाताला कळाय टाईम लागतोय."

मुलाचा दगडावरून फोन यायचा. आता तो फक्त "आकडा?" एवढंच विचारायचा. मी आकडा सांगायचे. पलीकडून वाऱ्याचा आवाज यायचा, मग तो "बरं" म्हणायचा. मला रोज वाटायचं, उद्याचा आकडा काय सांगावा लागेल. बाळ हललं का, हे अमृताला विचारायची माझी हिंमत होत नसे. तिच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचा प्रयत्न करायचे, आणि विहीणबाई माझ्या चेहऱ्याकडे बघून.

दिवस पूर्ण भरायच्या थोडं आधीच सांगलीत शस्त्रक्रिया करून बाळ काढलं. मुलगी. रडली, आम्ही दोघींनी दाराबाहेरून ऐकलं. पण लगेच तिला काचेच्या खोलीत नेलं, कारण अशा बाळांची साखर जन्मल्यावर एकदम उतरते. तिचीही उतरली होती. टाचेतून रक्ताचा थेंब काढायचे, दूध द्यायचे, पुन्हा थेंब काढायचे. आम्ही बाकावर बसून होतो. विहीणबाईंनी ना नवस बोलला, ना मीठ काढलं. त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला होता, इतका घट्ट की माझी अंगठी रुतत होती. मी हात सोडवला नाही. संध्याकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "आता उतरत नाही साखर. नेऊ शकता आईकडे." विहीणबाई हुंदका देऊन रडल्या. मीही रडले. सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचं काय चाललं होतं ते आम्ही पाहिलं नाही.

सव्वा महिना झाला. काही दिवसांनी अमृताची पुन्हा तपासणी झाली. पेला पूर्ण प्यायला गेला. साखर उतरली होती, पण दर वर्षी बघायला सांगितलं, कारण एकदा असं झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा संभव राहतो. दवाखान्यातून बाहेर पडताना विहीणबाई मला म्हणाल्या, "ताई, माझ्यासंगं वडूजला येता?"

त्यांच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, वडूजला भावाकडे राहत होत्या. दीर वारल्यावर त्या तिकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावलंही नाही. आम्ही बाळाला घेऊन सुभेदारांच्या गाडीतून गेलो. वडूजकडची कोरडी माळरानं, बाजरीची काढणी झालेली. विहीणबाई वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत.

आक्का ओसरीवर धान्य निवडत बसल्या होत्या. वाळलेल्या, पांढऱ्या केसांच्या. विहीणबाईंनी हाक मारली तसं त्यांनी आवाजावरून ओळखलं, आणि त्यांच्या हातात बाळ आहे हे कळल्याबरोबर पदर डोळ्यांवरून खाली ओढला.

"मला नगं दावूस. तुला ठावं हाय."

"आक्का, तुमची नजर न्हवती ती. डागदरीण म्हणाली. माझ्याच रक्तात हुतं काय हुतं ते."

"असू दे गं. माझी मला सवय झालीया. आता कुणाच्याच पोराकडं मान वर करून बघत न्हाई मी. भावाची नातवंडं हायती हितं, पर मी नुसत्या पायावरनं वळखते त्यांना."

हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, तक्रार नव्हती. विहीणबाई ओसरीवर त्यांच्यापुढे मांडी घालून बसल्या. सूप बाजूला सारलं, बाळाला आक्कांच्या मांडीवर ठेवलं आणि दुपट्याची घडी खालून उलगडली.

"मग पायापासनंच बघा," म्हणाल्या.

बराच वेळ आक्का हलल्या नाहीत. मग त्यांचं बोट पुढे आलं आणि बाळाच्या पावलावरून फिरलं, टाचेशी थांबलं, तिथं सुयांच्या खुणा अजून पुसट दिसत होत्या. पदराखालून त्यांची मान हळूहळू वर यायला लागली. गुडघ्यापर्यंत आली, पोटापर्यंत आली आणि तिथं अडली. विहीणबाईंनी घाई केली नाही. त्या तशाच वाट बघत बसून राहिल्या.